'वॉज हॅविंग' कधी बरोबर आणि कधी चूक?

शिकाऊ
उत्तरतालिकेत 'आय वॉज हॅविंग डिनर' बरोबर आणि 'आय वॉज हॅविंग फीवर' चूक असं दिलंय. दोन्हीकडे क्रियापद 'हॅव'च, आणि जेवण काय, ताप काय, तेव्हा चालूच होतं की! मग ओळखायचं कसं?

व्याकरणवेडा
'हॅव'चा अर्थ बघा. पैसे, वेळ, नाती, ताप या गोष्टी माणसाला किंवा माणसाकडे असतात, तो त्या करत नसतो. तिथे साधा भूतकाळच: 'आय हॅड अ फीवर', 'शी हॅड टू ब्रदर्स', 'वी डिडन्ट हॅव टाइम'. जेवण, आंघोळ, भांडण या कृती आहेत, म्हणून 'ही वॉज हॅविंग अ बाथ', 'दे वेअर हॅविंग ॲन आर्ग्युमेंट' चालतं.

वाक्य मराठीत म्हणून पाहा. 'ताप होता', 'वेळ नव्हता' असं नुसतं होता-नव्हता आलं तर 'हॅड'. 'जेवत होतो', 'भांडत होते' असं आलं तर बहुधा 'वॉज/वेअर हॅविंग'.

अर्धविराम
त्या 'बहुधा'कडे नीट लक्ष द्या, सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. 'त्या काळी आम्ही आठला जेवत होतो' ही सवय झाली. तिचं इंग्रजी 'वी यूज्ड टू हॅव डिनर ॲट एट'. 'वी वेअर हॅविंग डिनर ॲट एट' म्हणजे एका ठरावीक दिवशी आठच्या ठोक्याला जेवण सुरू होतं, संपलेलं नव्हतं.

'व्हेन' आलं की आणखी जपून. 'आय वॉज हॅविंग डिनर व्हेन ही केम': तो आला तेव्हा माझं जेवण चाललं होतं. 'आय हॅड डिनर व्हेन ही केम': तो आला, मग मी जेवलो.

शिकाऊ
मग 'शी वॉज हॅविंग ट्रबल ब्रीदिंग' बरोबर कसं? तीही तब्येतीचीच तक्रार ना?

व्याकरणवेडा
बरोबरच आहे. श्वास घेताना होणारा त्रास त्या क्षणी घडत असतो. 'वॉज हॅविंग अ हार्ट अटॅक'ही त्याच कारणाने चालतं. ताप, सर्दी, डोकेदुखी यांना मात्र 'हॅड' वापरा.

आणि प्रश्न करताना 'डिड यू हॅविंग' कधीच नाही. 'वेअर यू हॅविंग लंच?' किंवा 'डिड यू हॅव लंच?' यांतलं एक निवडा. लिहिताना 'हॅव'मधला शेवटचा ई गाळून मग आयएनजी जोडा.