मेंढपाळ आले म्हणून दुःख खोटं?

कुणीतरी लिहिलंय की मित्र मेल्यावर लिहिलेल्या शोककवितेत मेंढपाळ, बासऱ्या, जलदेवता आणायच्या म्हणजे नुसती कारागिरी. अठराव्या शतकातला इंग्रज समीक्षक डॉ. जॉन्सननेही कवी मिल्टनच्या 'लिसिडस' या शोककवितेवर साधारण हाच आक्षेप घेतलेला, पण मला तो अजिबात पटत नाही. ही कविता ज्याच्यावर आहे तो मिल्टनचा मित्र एडवर्ड किंग १६३७ मध्ये आयरिश समुद्रात बुडाला. कवितेत त्याच्या तिरडीवर वाहायला प्रिमरोझ, व्हायोलेट, डॅफोडिल अशी फुलांमागून फुलं येतात आणि मग कवीला एकदम कळतं की हा खोटा दिलासा आहे, तिरडी रिकामीच, हाडं कुठेतरी स्कॉटलंडजवळच्या हेब्रिडीज बेटांच्या पलीकडे लाटांवर वाहत असतील. तिथे पोटात खड्डा पडतो राव! तो फुलांचा थाट आधी नसता तर हे एवढं लागलंच नसतं. कवी शेलीने कवी कीट्सच्या मृत्यूवर लिहिलेलं शोककाव्य 'अडोनेस' (१८२१) भव्य आहे, पण इतकं आत जात नाही.