समुद्रयान म्हणजे 4,077 कोटी पाण्यात?

दर्यावेडा: 'तीन माणसं 6,000 मीटर खाली पाठवायला 4,077 कोटी पाण्यात' ही पोस्ट परवापासून फिरतेय. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. 2021 मध्ये मंजूर झालेली ही रक्कम सगळ्या खोल सागर मोहिमेची आहे, एकट्या समुद्रयानाची, म्हणजे माणसं खाली नेणाऱ्या मत्स्य 6000 पाणबुडीची नाही. सर्वेक्षण, जैवविविधता, हवामानाचे अंदाज सगळं त्यातच. आणि हे फॅड कालचं नाही. 26 जानेवारी 1981 ला गोव्यातल्या दोनापावलाच्या एनआयओच्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) 'गवेषणी' जहाजाने खोल तळावरून निकेलसारख्या धातूंचे गोटे वर आणले. त्या जोरावर 1987 मध्ये आपल्याला हिंदी महासागरात गोटे शोधायला क्षेत्र मिळालं, त्यातलं 75,000 चौ. किमी आजही आपल्याकडे आहे.

कोरा_कागद: आहे ते फक्त शोधायला, काढायला नाही! इतक्या वर्षांत बाजारात किलोभर निकेल आलं का? पेरूजवळ 1989 मध्ये प्रयोगासाठी तळ नांगरला होता, पाव शतकानंतरही चर तसेच दिसत होते. उद्या आपणही तेच करणार. आणि माणूसच कशाला हवा? एनआयओटीचा (चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था) रोसब हा यंत्रमानव 2010 मध्येच 5,289 मीटरवर जाऊन आलाय, बिनमाणसाचा.

हर्णैकर: गोटे ठेवा बाजूला. मासळी कुठे मिळू शकेल तो पीएफझेडचा (संभाव्य मासेमारी क्षेत्र) निरोप हैदराबादहून आम्हाला येतो, तसा मोठ्या घेरजाळ्याच्या पर्ससीनवाल्यांनाही येतो. आमची होडी पोचेस्तोवर ते साफ करून गेलेले. गेल्या हंगामात काकाचं डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार सगळं अंगावर आलं, वर रात्री मासा ओढायला त्यांचा एलईडीचा उजेड. तुमच्या विज्ञानाने मासा दाखवला तो चोराला.

पर्ससीन_मालक: तोंड सांभाळून. एलईडी लावणारे सगळे पर्ससीनवाले नसतात. बोटभर पापलेट डोलीच्या जाळ्यात मारून बाजारात आणता, ते कोण?

हर्णैकर: डोलीवाल्याच्या नावाने बोंबलू नका. 2017 पासून बंदी आहे ना एलईडीला? मग जनरेटर लादलेली होडी रात्री काय लग्नाला जाते?

खारा_वारा: भांडा. पण पीएफझेड पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून देतात, ढग आले की उपग्रहाला काही दिसत नाही. निरोप चुकला की शिव्या संशोधकांना.

हर्णैकर: चुकला म्हटलंय कुठे? बरोबर येतो हीच तर रड आहे!

दर्यावेडा: धागा समुद्रयानाचा आहे, मंडळी. कोरा_कागद, रोसबचं मान्य, नमुने तोही आणतो. पण तळाशी काहीतरी अनपेक्षित दिसलं की जागच्या जागी ठरवणारं डोकं लागतं. ऑगस्ट 2025 मध्ये आपला माणूस अटलांटिकात 5,002 मीटर उतरला, तोही फ्रान्सच्या 'नॉटील'मधून. किती दिवस दुसऱ्याच्या गाडीत बसायचं?

कोरा_कागद: स्वतःची गाडी घ्या, हरकत नाही. सगळे पैसे पाणबुडीचे नाहीत, हेही घ्या, दिलं. फक्त तळ नांगरायला जाऊ नका म्हणजे झालं.

पर्ससीन_मालक: तळाचं राहू द्या, वरचा मासा संपत आलाय. तो कोणी मोजला का?

हर्णैकर: तुम्हीच मोजला, आमच्याआधी. जाळ्यात भरून.