‘प्रभावी’ म्हणजे दादा नव्हे

गोलवाटाणा
कालच्या त्या लेखातलं एक वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना. ‘प्रभावी जनुक अप्रभावी जनुकाला दाबून टाकतं, त्यामुळे पिढ्या उलटतील तसे निळे डोळे नामशेष होतील.’ आणि खाली वाहवा करणाऱ्यांची रांग! अहो, हा घोळ 1908 मध्येच निस्तरून झालाय. आखूड बोटांचा गुण प्रभावी, मग हळूहळू सगळ्यांचीच बोटं आखूड का होत नाहीत, असा सवाल आनुवंशशास्त्रज्ञ पनेटच्या व्याख्यानानंतर निघाला. त्याला उत्तर सुचेना, म्हणून तो त्याच्या क्रिकेटच्या दोस्ताकडे, गणिती हार्डीकडे गेला. हार्डीने ‘सायन्स’ या नियतकालिकाला छोटंसं पत्र धाडलं: निवड, स्थलांतर असलं काही मध्ये आलं नाही तर जनुकांचं प्रमाण पिढ्यानपिढ्या आहे तिथेच राहतं. जर्मन डॉक्टर वाइनबर्गने त्याच वर्षी स्वतंत्रपणे हेच मांडलं. मेंदूचा हंटिंग्टन आजार प्रभावी, तरी दुर्मीळ. ओ रक्तगट अप्रभावी, तरी जगात सर्वांत जास्त लोकांचा तोच.

आणि हे ‘दाबणं’ म्हणजे नक्की काय? मेंडेलचा सुरकुतलेला वाटाणा घ्या. पिष्टाच्या (स्टार्चच्या) साखळीला फांद्या फोडणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकात डीएनएच्या सुमारे 800 अक्षरांचा तुकडा घुसलाय, त्यामुळे ते विकर काम करत नाही. साखर साठते, दाणा जास्त पाणी धरतो आणि वाळताना आक्रसतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, आई-बापाकडून एकेक; त्या जोडीतली एक प्रत धड असली की दाणा गोल व्हायला तेवढं विकर पुरतं. कुणी कुणाला दाबलेलं नाही. एक कामावर आहे, दुसरा गैरहजर.

उलटतपासणी
वाटाण्यावरून जग ओळखायची जुनी खोड. ठिसूळ हाडांच्या आजारात काय होतं? हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींत पीळ घेतात. त्यातली एक वाकडी निघाली की अख्खा पीळ वाया. धड प्रत हजर आहे, राबतेय, तरी तिची मेहनत पाण्यात. हे दाबणं नाही तर काय? लेखकाची टर उडवण्याआधी एवढं तरी बघायचं.

रानवाट
दोघेही असं भांडताय जणू हा शब्द तुमच्या खाजगी मालकीचा आहे. आम्ही रानात चौकट आखून झाडं मोजतो, तेव्हा प्रभावी जाती म्हणजे जिची संख्या किंवा आच्छादन सर्वांत जास्त ती. कोंबड्यांच्या कळपात प्रभावी म्हणजे जी आधी टोचते ती. टोचण्याची ही उतरंड शेल्डेरुप-एब्बेने शंभर वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलीय. रोपाचा शेंडा खुडला की बाजूचे कोंब फुटतात, तिथेही शेंड्याचाच ‘प्रभाव’. म्हणजे बहुसंख्य, मुजोर आणि वरून रोखणारा, असे तीन अर्थ. लेखकाने तिन्ही उचलून जनुकावर चिकटवले. त्याचा काय दोष?

शब्दकोडं
मूळ दुखणं कुणीच बोलत नाहीये. ‘प्रभावी औषध’, ‘अप्रभावी लस’ असं आपण रोज म्हणतो. म्हणजे परिणाम करणारं आणि न करणारं. तोच शब्द जनुकाला लावल्यावर वाचणाऱ्याने काय समजायचं? मी कित्येक वर्षं ओरडतोय, ‘प्रकट’ आणि ‘अप्रकट’ म्हणा. पण ऐकतो कोण!

गोलवाटाणा
आणि जनुक पेशीत व्यक्त होतं, त्याला काय म्हणणार? तेही प्रकट होणंच. एक खड्डा बुजवायला दुसरा खणताय.

शब्दकोडं
त्याला ‘अभिव्यक्ती’ आहे. वाचन वाढवा.

अर्धीचिमूट
एरवी मी इथे नुसती वाचते, पण आज लिहिते. आमच्या दोघांच्या रक्ततपासणीत थॅलसेमिया मायनर निघाला, म्हणजे या रक्ताच्या आजाराच्या जनुकाची एक प्रत. माझ्या कागदावर निळ्या पेनाने लिहिलेलं होतं, ‘अप्रभावी. चिंता नको.’ खाली दोन रेघा. आम्ही निर्धास्त. पुढे दिवस राहिल्यावर दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि काही न बोलता खुर्ची ओढून बसल्या. दोघं मायनर असतील तर दर गरोदरपणात मूल मेजर, म्हणजे गंभीर आजाराचं, असण्याची शक्यता 25 टक्के, हे तेव्हा कळलं. अकराव्या आठवड्यात वारेचा नमुना दिला. निकाल येईपर्यंतचे दिवस मी मोजलेत. मुलगा आमच्यासारखाच मायनर निघाला, आता आठवीत आहे. त्या दोन रेघा अजून डोळ्यांसमोर येतात.

उलटतपासणी
तुमच्या अनुभवाचा आदर आहे ताई, पण ती चूक माणसाची आहे, शब्दाची नाही.

अर्धीचिमूट
‘आदर आहे, पण’ हे ऐकायला मी लिहिलं नव्हतं. माणूस चुकला, मान्य. मी तोच शब्द वाचून निर्धास्त झाले, ती चूक कुणाची? माझी?

शब्दकोडं
बघा! मी काय म्हणत होतो?

रानवाट
अहो, त्यांच्या दुखण्यावर स्वतःचा झेंडा कशाला रोवताय?

गोलवाटाणा
ताई, तुमच्या कागदावरचा ‘अप्रभावी’ फक्त मोठ्या आजारापुरता खरा होता. मायनरमध्येही हिमोग्लोबिन थोडं कमी असतं, तांबड्या पेशी लहान असतात. म्हणजे पेशी बघितल्या तर तो ‘अप्रभावी’ गुण दिसतोच. सिकलसेल या रक्ताच्या आजारात हे आणखी लख्ख आहे. आजार बघितला तर सिकलचं जनुक अप्रभावी. प्रथिनं बघितली तर दोन्ही प्रकारची हिमोग्लोबिनं रक्तात सापडतात, म्हणजे सहप्रभावी, दोघं बरोबरीने हजर. मलेरियाचा गंभीर हल्ला टाळणं बघितलं तर एकच प्रत कामी येते, म्हणजे चक्क प्रभावी. जनुक तेच, जोडी तीच, उत्तरं तीन. म्हणून प्रभावीपणा हा एकट्या जनुकाचा स्वभाव नाही, जोडीतलं नातं आहे, तेही कुठला गुण बघताय त्यावर ठरणारं.

आणि उलटतपासणी, कोलॅजेनचं मान्य. तिथे वाकडी साखळी खोडा घालते. पण निळे डोळे त्याने नामशेष होत नाहीत, एवढं तुम्हीही मान्य करून टाका.

उलटतपासणी
नामशेष होतात असं मी म्हटलंच कधी? वर जाऊन वाचा. बाकी वाटाण्याच्या पलीकडे पोचलात, अभिनंदन.

अर्धीचिमूट
तुमचं चालू द्या. कागदावर फक्त एवढं लिहा: ‘वाहक. जोडीदाराची तपासणी करा.’ कुणालाही कळेल.

शब्दकोडं
‘वाहक’ म्हणजे मलेरियाचा डास की काय? आणि जनुक दुसऱ्या पेशीत पोचवणाऱ्या प्लाझ्मिडलाही वाहकच म्हणतात.

रानवाट
झालं. घ्या आता.