वीरगळ खालून वर वाचा

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयातल्या अशा एका वीरगळाबद्दल 'सर्वात वर शिवलिंगाची पूजा आहे, मग हा योद्ध्याचा दगड कसा?' असं एकाने विचारलंय. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या पट्टात, म्हणजे सर्वात खालच्या कोरीव चौकटीत, मरणाचं कारण: तिथे होड्या आणि वल्ही असतील तर नाविक लढाई, गुरं असतील तर गोधन राखताना आलेलं मरण. मधे अप्सरा वीराला वर नेतात, वर तो शिवलिंगापुढे बसलेला. माथ्यावरचे चंद्रसूर्य म्हणजे कीर्ती तोवर टिकावी. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा.

झिजलेला दगड समोरून फ्लॅश मारून टिपू नका, सगळं सपाट येतं. टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटून धरा; सावलीत रेषा उठतात. दगडावर कोरलेल्या अक्षरांत खडू किंवा पीठ तर कृपा करून भरू नका. एकदा चुकीची रेष भरली की पुढचा प्रत्येक जण तेच चुकीचं अक्षर वाचतो.

गावातले वीरगळ सिमेंटच्या ओट्यात रोवतात, त्याचं फार वाईट वाटतं. गाडला जातो तो नेमका तळाचा पट्ट.