मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात मांजरं उकरून घाण करतात, खात्रीचा उपाय हवा (सांगली)

परसबाग_विश्रामबाग
नमस्कार. बंगल्याच्या मागे १० फूट लांब, ४ फूट रुंद असे दोन वाफे आहेत. मूळची काळी चिकण माती असल्याने कोकोपीट, गांडूळखत आणि वाळू मिसळून ती भुसभुशीत केली आहे. एका वाफ्यात मेथी-कोथिंबीर आहे, दुसऱ्यात वांगी आणि टोमॅटोची रोपं. गल्लीतली तीन-चार मांजरं रात्री येऊन नेमकी ताज्या पेरलेल्या जागी उकरतात, घाण करतात. बी उघडं पडतं, रोपं मोडतात. कंपाउंडची भिंत ५ फूट आहे.

तिखटपूड, डांबरगोळ्या, संत्र्याच्या साली, फिनेल, निळीच्या पाण्याच्या बाटल्या असे सल्ले मिळालेत. यातलं खरंच चालतं काय? मांजरांना इजा होईल असं काही करायचं नाही. शिवाय घरात सून गरोदर आहे. या वाफ्यातली पालेभाजी तिनं खावी का?

काळीमाती
मांजराला विष्ठा पुरायची उपजत सवय असते. त्यासाठी त्याला कोरडी, बारीक, पंजानं सहज उकरता येणारी माती लागते. सांगलीकडची काळी माती वाळली की दगडासारखी होते, तिला मांजर हात लावत नाही. कोकोपीट आणि वाळू घालून तुम्ही जो वाफा केलात तो गल्लीतली सगळ्यात चांगली जागा ठरला. म्हणून मांजर हाकलण्याच्या मागे लागण्यापेक्षा त्याला तिथे उकरता येणार नाही असं करणं हाच टिकाऊ उपाय आहे.

पेरलेल्या वाफ्यासाठी जाळी घ्या. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती १ इंच भोकाची जस्त चढवलेली जाळी, हार्डवेअरच्या दुकानात चिकन जाळी म्हणून मिळते. बी पेरून, माती सारखी करून जाळी वाफ्यावर सपाट अंथरायची. कडेनं दर दीड फुटाला जाड तारेच्या यू आकाराच्या ६ इंची खुंट्या ठोकायच्या. कडा २ इंच खाली दुमडून मातीत दाबायच्या, नाहीतर तारेची टोकं माणसाच्याही पायाला लागतात आणि मांजर कडेनं पंजा घालून जाळी उचकटतं. जाळी मातीला चिकटलेली हवी. मध्ये फुगा राहिला तर अंकुर खालीच वाकडे होतात. मेथी-कोथिंबीर भोकांतून सरळ वर येते. मुळा, गाजर असल्या पिकांना मात्र ही जाळी शेवटपर्यंत ठेवता येत नाही. तिथे पानांनी वाफा झाकला की ती काढून घ्यायची, तेव्हा तिची गरजही संपलेली असते, कारण उघडी माती दिसेनाशी झाली की मांजर तिथे उकरायला सहसा येत नाही.

वांगी-टोमॅटोला जाळी नको. तिथे उसाचं पाचट घाला, आपल्याकडे त्याला तोटा नाही. थर ३ ते ४ इंच, खोडापासून २ इंच मोकळं सोडून. पाचट लांबच ठेवा, एक थर उभा, एक आडवा, आणि लगेच पाणी मारून बसवा. कुट्टी करून घातलेलं पाचट मांजर मातीइतक्याच सहज बाजूला सारतं, बहुतेकांचं इथेच चुकतं. भिंतीपासून फूटभर अंतर ठेवा, पाचटाला वाळवी लागते. रोपांच्या मधल्या जागेत तुराट्या ६ ते ८ इंचांवर उभ्या खोचा, मातीवर ८ इंच राहतील अशा. मांजराला गोल फिरून बसायला जागा मिळाली नाही की ते दुसरीकडे जातं. टोकं तासू नका, बोथटच बरी. बाभळीची, बोरीची काटेरी झुडपंही लोक टाकतात, पण खुरपताना ती आपल्याच हातात घुसतात. घरात लहान मूल येणार असेल तर ती नकोतच.

संध्याकाळी पाणी देऊन माती ओली ठेवल्यानं थोडा फरक पडतो, पण मेथीची कोवळी रोपं रात्रभर ओलीत राहिली तर मर लागते. तेवढ्या एका उपायावर विसंबू नका.

पशुसेवा
वरचं सगळं पटलं. पावडरी आणि वासांबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं.

डांबरगोळ्या आणि फिनेल अजिबात नको. फिनॉलसारखी द्रव्यं शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी असते. फिनेल पंजाला लागतं, मांजर पंजा चाटतं, आणि विषबाधा होते. डांबरगोळ्यांतलं नॅप्थलीन मांजराला घातक आहेच, शिवाय पांढरी गोळी लहान मूल तोंडात घालू शकतं. भाजीच्या मातीत या दोन्हींना जागा नाही. तिखटपूड पंजांना आणि डोळ्यांना भाजते आणि पहिल्या पाण्याबरोबर वाहून जाते. कॉफीचा चोथाही टाकू नका, खाल्ला गेला तर कॅफिनची बाधा होते. संत्र्याच्या सालींचा वास त्या सुकताच संपतो. निळ्या बाटल्या रांगेत ठेवून काहीही होत नाही.

वासाचा खरा मुद्दा वेगळा आहे. मांजर आपल्याच जुन्या वासावर त्याच जागी परत येतं. त्यामुळे विष्ठा रोज सकाळी उचला, खालची २-३ इंच मातीही तिच्याबरोबर काढा, आणि त्याच दिवशी ती जागा झाका. हाडांचा चुरा किंवा मासळीचं खत वापरत असाल तर थांबवा, त्या वासानं मांजर आणि कुत्रं दोन्ही उकरतात. निंबोळी पेंडीनं तसं होत नाही.

एखादा शेजारी विष घालायचं सुचवेल. प्राण्याला विष देणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आरोग्यदीप
सुनेबाबत. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो. गरोदरपणात तो पहिल्यांदाच शरीरात गेला तर गर्भाला धोका असतो. प्रत्येक मांजर तो सतत सोडत नसतं. बहुधा उंदीर-पाखरं खाऊन पहिल्यांदा लागण झालेलं मांजर १ ते ३ आठवडे सोडतं. पण विष्ठेतली त्याची अंडी ओलसर मातीत कित्येक महिने टिकतात, म्हणून आज वाफा स्वच्छ दिसतो यावर भरवसा ठेवू नये. बाहेर पडल्यावर ती संसर्गक्षम व्हायला १ ते ५ दिवस लागतात. रोज विष्ठा उचलण्याचं महत्त्व त्यामुळेच आहे.

तिनं वाफ्यात हात घालू नये, विष्ठा उचलू नये. भाजी वाहत्या पाण्यात पान न् पान सुटं करून धुवा. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यानं ही अंडी मरत नाहीत, नीट शिजवल्यानं मरतात. म्हणजे मेथीची भाजी चालेल. वरून भुरभुरायची कच्ची कोथिंबीर या वाफ्यातली नको, आमटी उकळताना आत घाला. रक्ततपासणी करायची का, ते तिच्या डॉक्टरांना विचारा.

विष्ठा कंपोस्टमध्ये टाकू नका. घरगुती ढिगात सगळीकडे पुरेशी उष्णता होत नाही. कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून घंटागाडीत द्या. काढलेली माती जास्वंद-मोगऱ्याला घाला, भाजीला नको. हातमोजे घाला आणि नंतर साबणानं हात धुवा.

अजिंक्यतारा_पायथा
साताऱ्याहून एक भर. आधी मांजरच आहे याची खात्री करा. विष्ठा पुरलेली नसून भिंतीवर, गच्चीवर किंवा पत्र्यावर उघडी पडलेली असेल आणि तिच्यात फळांच्या बिया दिसत असतील तर ते उदमांजर. डोंगराजवळच्या वस्त्यांत ते असतंच. त्याला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं संरक्षण आहे, पकडायच्या फंदात पडू नका. पिकलेली फळं वेळेवर उतरवा, माळ्याची भोकं बुजवा.

परसबाग_विश्रामबाग
मनापासून आभार. विष्ठा पुरलेली असते, म्हणजे मांजरच. दोन शंका राहिल्या. एकदा जाळी अंथरली की खुरपायचं कसं, आणि मेथी उपटायची कशी? आणि इथून हुसकावली तर मांजरं शेजारच्या वाफ्यात जाणार, त्यांच्याशी भांडण नको आहे.

पशुसेवा
दुसऱ्या शंकेला उत्तर म्हणजे त्यांना जागा द्या. वाफ्यांपासून लांब, पावसाचं पाणी न येणाऱ्या कोपऱ्यात २ फूट बाय २ फूट चौकट करून ६ इंच बारीक कोरडी वाळू भरा. सुरुवातीला वाफ्यातली थोडी घाण झालेली माती तिच्यात मिसळा, वासानं मांजर तिथे वळतं. हे वाफे झाकले त्याच दिवशी करायचं, आधी किंवा नंतर नाही. वाळू रोज साफ करा, कारण घाण साचली की मांजर पुन्हा मऊ वाफा शोधतं. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर तो कोपरा टाळा.

शेजाऱ्यांशी बोलणं नसबंदीच्या खर्चासाठी करा. मांजरी साधारण ९ आठवड्यांत विते, आणि वर्षाला दोन-तीन वेळा. नसबंदीनं मातीत घाण करणं थांबत नाही, पण संख्या वाढत नाही आणि बोक्यांचं भिंतींवर मूत फवारणं बरंच कमी होतं. पकडून लांब सोडून येण्यात काही अर्थ नाही. अन्न आणि आडोसा तसाच असेल तर रिकाम्या जागी दुसरं मांजर येतं.

काळीमाती
जाळी सबंध टाकू नका, चौकटी करा. ४ फूट बाय अडीच फूट अशा चार चौकटी एका वाफ्याला पुरतात. लाकडी पट्टीला जाळी खिळा, एका माणसाला सहज उचलता येतात. पेरताना ओळी ६ इंचांवर ठेवा. पहिली खुरपणी रोपं २ इंच व्हायच्या आत, चौकट उचलून करा. त्यापेक्षा उशीर झाला तर उचलताना शेंडे तुटतात.

मेथी उपटूच नका, जाळीच्या वर बोटभर ठेवून कात्रीनं कापा. पुन्हा फुटते, आणि मातीही भाजीबरोबर कमी येते, तुमच्या घरी सध्या ते बरंच. कोथिंबिरीचंही तसंच.

चौकटी नको असतील तर कमानी करा. १० मिमीच्या सळईचे १६ इंची तुकडे वाफ्याच्या दोन्ही कडांना अडीच फुटांवर निम्मे ठोका, त्यांवर अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे ६ फुटी तुकडे वाकवून बसवा. १० फुटांना पाच कमानी लागतील. वरून द्राक्षबागेतली जुनी पक्षीजाळी चालते, तासगावकडे सहज मिळेल. ती ताणून बांधा आणि कडा विटांनी दाबा. सैल जाळीत मांजराचं पिल्लू किंवा पाखरू अडकून मरतं.

मांजराचा पंजा घसरावा म्हणून भिंतीवर फिरता पाइप बसवायचा विचार असेल तर दोन वाफ्यांसाठी तो खर्च करू नका. मांजर फाटकाखालून किंवा झाडावरून येईल.