‘पिग्मॅलियन’ पडद्यावर आले तेव्हा त्याचा शेवट कोणाचा राहिला?

सोनचाफा (प्रश्न):
बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ हे नाटक मी नुकतेच १९१६ च्या संहितेवरून वाचले आणि पाठोपाठ त्यावरचा १९३८ चा इंग्लिश चित्रपट पाहिला. नाटकाच्या अखेरीस उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स, त्यानेच उच्चभ्रू बोलायला शिकवलेल्या फुलवालीला, एलायझाला, हॅम, चीज, हातमोजे आणि टाय आणायला फर्मावतो, आणि ‘तुमचे तुम्हीच विकत घ्या’ असे सुनावून ती निघून जाते. चित्रपटात मात्र ती परत येते, आणि तिच्याकडे पाठ करून बसलेला हिगिन्स ‘माझ्या सपाता कुठे आहेत?’ असे विचारतो तिथेच चित्रपट संपतो. पटकथेच्या लेखकांत शॉ यांचे नाव आहे आणि त्या पटकथेला ऑस्करही मिळाले. मग हा शेवट त्यांना मान्य होता का? नसेल, तर या चित्रपटाला प्रामाणिक रूपांतर म्हणावे का?

तिसरीघंटा:
मान्य नव्हता, आणि हा वाद चित्रपटाच्या कितीतरी आधीचा आहे. ११ एप्रिल १९१४ रोजी लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरात नाटक लागले, तेव्हा हिगिन्सची भूमिका करणारे हर्बर्ट बीअरबोम ट्री शेवटी एलायझाकडे फुले फेकू लागले, म्हणजे पुढचे लग्न प्रेक्षकांनी गृहीत धरावे. शॉ त्यावर संतापले. १९१६ मध्ये त्यांनी नाटकाला गद्य उपसंहार जोडला आणि एलायझाचे लग्न तिच्यावर भाळलेल्या फ्रेडी या तरुणाशी लावून दिले. ती दोघे फुलांचे दुकान काढतात आणि हिशेब जमेना म्हणून पुन्हा शिकवणीला जातात, इतका बारीक तपशील त्यांनी लिहिला, कारण तिला हिगिन्सच्या घरात परत पाठवायला ते कोणत्याही परिस्थितीत तयार नव्हते. निर्माते गॅब्रिएल पास्कल यांच्यासाठी लिहिलेल्या पटकथेतही त्यांनी फ्रेडी आणि दुकानच ठेवले होते. पडद्यावर आला तो शेवट दुसऱ्यांचा. माझ्या मते ही मूळ विचाराशी केलेली प्रतारणाच आहे, कारण नाटकाचा सगळा भार एका मुलीने स्वतःच्या पायावर उभे राहण्यावर आहे.

खिडकीजवळची_जागा:
शेवटाबद्दल मी आपल्याशी सहमत आहे, परंतु तेवढ्यावरून चित्रपट निकालात काढू नये. मूळ संहितेत एलायझाचे शिक्षण अंकांच्या मधल्या काळात घडते आणि तिला उच्चभ्रू बाई म्हणून खपवण्याचा हा खटाटोप ज्या समारंभासाठी चालला, तोही तिसऱ्या आणि चौथ्या अंकांच्या मध्ये उरकतो; रंगमंचावर आपल्याला केवळ दमून घरी परतलेली माणसे दिसतात. चित्रपटाने या दोन्ही रिकाम्या जागा भरल्या. शिकवणीचे तुकडे एकापाठोपाठ एक येतात तेव्हा किती दिवस गेले हे कोणी सांगावे लागत नाही. (संकलन डेव्हिड लीन यांचे आहे.) स्पेनमधल्या पावसाचे ते प्रसिद्ध वाक्यही या चित्रपटासाठी रचलेले आहे, नाटकात ते नाही.

आणि एलायझा झालेल्या वेंडी हिलर यांचा चहापानाचा प्रवेश पुन्हा पाहावा. त्या ताठ बसून हवामानाचा अंदाज एकेक अक्षर तोलून म्हणतात, उच्चारात कुठेही खोट काढता येत नाही, आणि त्याच घोटीव स्वरात मावशीला घरच्यांनीच कसे संपवले असावे आणि तिच्या घशात जिन कशी ओतली जाई हे सांगू लागतात. आवाज बदलला तरी माणसाचे जगणे तेच राहते, ही शॉ यांची गोष्ट तिथे त्यांच्या चेहऱ्यावर जवळून दिसते. नाट्यगृहातल्या मागच्या रांगेला हे सुख मिळत नाही.

ओसरी:
आपल्यापैकी बहुतेकांची या कथेशी ओळख पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे झाली, म्हणून एक दुवा सुचवते. १९७५ मध्ये भक्ती बर्वे यांनी गाजवलेले ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे स्वगत शॉ यांच्या संहितेत शोधले तर सापडणार नाही. तशा जागेवर एलायझाचे गाणे आहे ते १९५६ च्या ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेत, आणि त्या संगीतिकेने शिकवणीचे प्रसंग, पावसाचे वाक्य व चित्रपटाचा शेवटही उचलला. विद्यार्थिनीचा राग प्रेक्षकांसमोर यायचा तर आधी शिकवणी समोर यायला हवी, आणि ती वाट १९३८ च्या चित्रपटाने मोकळी केली, असे मला वाटते.

आपल्याला ही कथा इतकी जवळची का वाटावी, याचे उत्तरही भाषेतच आहे. लंडनमध्ये एका स्वरावरून वस्ती ओळखली जाते, तशी आपल्याकडे ‘पाणी’ म्हणता की ‘पानी’ यावरून. शाळेत ‘आनि’ म्हणाल्याबद्दल मला बाकावर उभे केले होते, तेव्हापासून ‘ती फुलराणी’च्या नायिकेचा, मंजुळेचा, संताप मला नाटकातला वाटलेला नाही.

सोनचाफा:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल शेवटचा प्रसंग पुन्हा पाहिला. एलायझा परत येते त्याआधी हिगिन्स एकटा तिच्या जुन्या आवाजाची ध्वनिमुद्रिका ऐकत असतो, आणि आत येताच ती स्वतःचेच जुने वाक्य म्हणते: येण्यापूर्वी मी हात-तोंड धुतले होते. पहिल्या खेपेला माझे सगळे लक्ष सपातांकडे गेले होते आणि हे वाक्य निसटले होते. शेवट शॉ यांचा नाही हे आता पटले. पण ते वाक्य मात्र त्यांच्याच दुसऱ्या अंकातले आहे.