उत्तर: क्रिकेट संघाची आचारसंहिता – कलम ३

नमस्कार मंडळी,
कलम ३ पुन्हा देतो: 'वर्ण, वंश किंवा जात काढून बोलल्यास, बोलणारा कोणीही असो, दोन सामने बाहेर.' हरकती इथेच लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर नकोत.
– चिटणीस

चिटणीससाहेब,
माझी हरकत आहे. आपली पोरं एकमेकांना 'काळ्या' म्हणतच लहानाची मोठी झाली. त्या थट्टेला आणि सीमारेषेवरून एखाद्या गोऱ्याने हासडलेल्या 'पाकी'ला, म्हणजे आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठीच्या शिवीला, एकच माप? ज्यांनी तो शब्द ऐकत इथे इंग्लंडमध्ये शाळा काढल्या, त्यांनाच उद्या बाकावर बसवणार का?
– हॅरोचे काका

काका,
'पाकी' मीही ऐकलाय, तेव्हा राग समजतो. पण इथल्या फुटबॉलमध्ये काय झालं ते बघा. गोरा जॉन टेरी काळ्या अँटन फर्डिनंडला वर्णावरून बोलला, हे प्रकरण सगळ्यांना आठवतं. कोर्टात तो निर्दोष सुटला, तरी २०१२ मध्ये फुटबॉल असोसिएशनने त्याला चार सामने बंदी आणि २,२०,००० पौंड दंड केला. त्याच वर्षीची दुसरी शिक्षा मात्र लोक विसरतात. टेरीच्याच संघातल्या अ‍ॅशली कोलने त्याच्या बाजूने साक्ष दिली म्हणून ट्विटरवर कुणीतरी त्याला 'चॉक आइस' म्हटलं. म्हणजे वरून काळा, आतून गोरा. अँटनचा भाऊ रिओ त्यावर खो खो हसला आणि दाद दिली. त्याला ४५,००० पौंड दंड. रिओही काळा, कोलही काळा. मला तो दंड योग्यच वाटतो. साक्ष खोटी वाटली तर तसं म्हणा, कातडी कशाला काढता? आपल्याच गणपतीत मराठी न येणाऱ्या मुलांना 'कोकोनट' म्हणतात, ते काय वेगळं आहे?

तुमच्या बाजूनेही एक उदाहरण आहे. २०२० मध्ये उरुग्वेचा फुटबॉलपटू एडिन्सन कवानीने अभिनंदन करणाऱ्या मित्राला इन्स्टाग्रामवर लाडाने 'ग्रासियास, नेग्रितो' (धन्यवाद, काळ्या) लिहिलं. तीन सामने बाहेर, वर एक लाख पौंड! उरुग्वेत लोक भडकले, आणि माझ्या मते रास्तच. म्हणून नियम सर्वांना एकच ठेवा, पण शिक्षा ठरवताना कोण, कुणाला, कशासाठी बोललं ते बघा. ठोक 'दोन सामने' नको.

आणि घरातली थट्टा म्हणाल, तर वेस्ट इंडीजचा डॅरेन सॅमी हैदराबादच्या आयपीएल संघात 'कालू' ऐकून हसायचा, कारण ते कौतुक आहे असं त्याला वाटायचं. खरा अर्थ २०२० मध्ये कळला तेव्हा तो संतापला. पुढे एकाशी बोलणं झाल्यावर, त्यामागे प्रेमच होतं, असंही त्यानेच सांगितलं. पण समोरचा हसतोय म्हणजे त्याला चालतंय, असं आपणच कसं ठरवायचं? यंदा आपल्या संघात अमराठी खेळाडूही आहेत. आणि २००७ मध्ये वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सकडे बघून माकडचाळे करणारे कुठून आले होते? दादर-परळहूनच ना?
– रीडिंगची ताई

ताई,
वानखेडेचं मान्य. तिथे बोलायला जागा नाही. पण 'कोण, कुणाला, कशासाठी' हे बघणार कोण? शिस्त समितीत तिघंही माझ्या वयाचे, त्यातले दोघं मला अजून 'काळ्या' म्हणून हाक मारतात. आधी समितीत पंचविशीच्या आतला एक आणि मराठी नसलेला एक खेळाडू घ्या. मग 'दोन सामने' काढून 'समिती ठरवेल' लिहा. त्याशिवाय रविवारी माझं मत विरोधातच.
– काका